लाल चौदा, निळा चौदा

माकला परत करायला मी प्रागला गेले ती माझ्या मर्जीनं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात यावरून दोन तट पडले आहेत. एका तटाचं म्हणणं, व्लास्ता म्हणजे देवमाणूस. दुसऱ्याचं म्हणणं, व्लास्ता म्हणजे शुद्ध गाढव. शेजारची बोहुंका दुसऱ्या तटाची पुढारी.

"पण तुला विचारलं कुणी होतं?" ती कुंपणापलीकडून म्हणाली. हातात कोबीचा गड्डा होता, तो माझ्यावर फेकते की काय असं वाटलं. "तो गुरांचा नवा डॉक्टर यंत्र फिरवतो नि काहीबाही बोलतो. बोलू दे की मेल्याला! मानेतल्या चिपमध्ये काय लिहिलंय ते कुत्र्याला तरी ठाऊक आहे का?"

"मला ठाऊक झालंय ना आता."

"मग विसर."

बोहुंकाला विसरायला छान जमतं. माझा केकचा साचा तिनं नऊ वर्षांपूर्वी नेला, तोही ती विसरली आहे. मला नाही जमत.

माक मला सापडला दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरात. मी रानात अळंबी गोळा करायला गेले होते. झुडपाखाली काहीतरी हललं म्हणून काठीनं फांदी बाजूला केली तर हा. पुढचा पाय सुजलेला, अंगभर गोचिड्या, गळ्यात पट्टा नाही. पांढुरक्या अंगावर बारीक काळे ठिपके, कुणीतरी खसखस सांडून ठेवल्यासारखे. आमच्याकडे खसखशीला माक म्हणतात, म्हणून नाव माक. टोपलीतली अळंबी तिथंच ओतली आणि टोपलीत हा भरून आणला. आसपासच्या पाच गावांत चौकशी केली, दुकानाच्या दारावर कागद लावला. कुणी आलं नाही. आमचा जुना डॉक्टर इंजेक्शन टोचायचा, बदल्यात घरच्या आलुबुखाराच्या दारूची बाटली घ्यायचा, आणि कसलीही यंत्रं फिरवायचा नाही. तो निवृत्त झाला तिथंच माझं वाटोळं झालं. नव्यानं माकच्या पंजातला काटा काढता काढता त्याच्या मानेवरून कातडीखालची चिप वाचायचं यंत्र फिरवलं आणि म्हणाला, "बाई, हा तर प्रागच्या एका बाईंच्या नावावर आहे. याचं नाव आमोस."

तीन दिवस मी फोनकडे बघत काढले. चौथ्या दिवशी लावला. पलीकडची बाई रडायलाच लागली. रादाना तिचं नाव. विजांना घाबरून पळाला होता, असं तिनं सांगितलं. "मी येते न्यायला, आत्ता येते," असं म्हणत होती. मीच नको म्हटलं. माझ्या अंगणातून माकला कुणी गाडीत घालून नेतंय हे मला बघवलं नसतं, त्यापेक्षा आपल्या पायानं जाऊन सोडून यावं. मी चौतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं, कुणाच्या ताटातला घास कधी काढला नाही. आता या वयात दुसरीचा कुत्रा दाबून ठेवू?

हे झालं लोकांना सांगायचं. मनात मात्र वेगळंच होतं. त्या शुक्रवारी सकाळी आगगाडीत बसल्यापासून मी एकच मागणं मागत होते, की काहीतरी घडावं आणि माकला परत घरी आणावं लागावं. ती बाई वाईट निघावी. फार नाही, थोडीशी वाईट निघाली तरी चाललं असतं.

गाडीत माकच्या तोंडाला जाळी बांधावी लागली, तसा नियमच आहे. जाळी बांधली की त्याचा चेहरा एखाद्या अपमान झालेल्या मुख्याध्यापकासारखा होतो. ब्रेडच्या दोन कापांत तळलेलं मांस घालून आणलं होतं, त्यातलं निम्मं मी त्याला जाळीच्या फटीतून भरवलं. समोरचा माणूस बघत होता. म्हटलं, बघ.

प्रागला मी याआधी तीनदा गेले होते. त्यातली शाळेच्या सहलीची एकच खेप लक्षात आहे, कारण दोन पोरं हरवली होती. या वेळी हरवायची पाळी माझी होती. ट्रामनं नदी ओलांडली आणि किल्ल्याखालच्या चौकात उतरलो तर माणसंच माणसं! सगळ्यांची तोंडं वर. वर बघत चालणारी माणसं खाली कुत्र्याच्या शेपटीवर पाय देतात, हे त्यांना कोण सांगणार? माकसोबत फोटो काढून घ्यायला सहाजणांनी मला थांबवलं. एकीनं तर त्याच्या गळ्यात हात टाकला. माक शहाण्यासारखा उभा राहिला. मला मात्र बुचकळ्यात पडायला झालं, कारण हाच माक घरी पोस्टमन आला की कुंपण डोक्यावर घेतो. इथं सगळं ठाऊक असल्यासारखा चालत होता. दगडी फरसबंदीवर माझे पाय मुरगळत होते आणि तो पुढं जाऊन वळून बघत होता, की येतेस ना? दोन वर्षं मी त्याला रस्ता दाखवला, आणि आता तो मला दाखवत होता. हे मला आवडलं नाही.

आता नंबरांचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथंच झाला.

आमच्या गावात त्रेचाळीस घरं. गल्ल्यांना नावं नाहीत, कारण गल्ल्याच नाहीत. घर ज्या क्रमानं बांधलं तो त्याचा नंबर. माझं घर एकतीस, त्याला खेटून बोहुंकाचं आठ, आणि बत्तीस पार तळ्याच्या पलीकडे. दारावर लाल पाटी, पांढरा आकडा. जन्मल्यापासून मी एकतीस नंबरची व्लास्ता आहे. आमच्याकडे निळी पाटी असते ती जमिनीखालून पाण्याचा नळ गेलाय हे सांगायला, आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

रादानानं सांगितलेली गल्ली सापडली, घर नंबर चौदा. अरुंद, चढाची. प्रत्येक दारावर एक लाल पाटी आणि एक निळी. लाल आकडे नऊ, मग दोनशे तीन, मग सोळा, असे उलटसुलट होते. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. निळ्यांवर एका अंगाला एक, तीन, पाच आणि दुसऱ्या अंगाला दोन, चार, सहा असे आकडे ओळीनं होते. म्हटलं, शहरात पाण्याचे नळसुद्धा ओळीनं मोजतात, मोठी शिस्तीची माणसं. आणि लाल चौदा शोधत निघाले.

लाल चौदाच्या तळमजल्यावरच्या खिडकीत एक म्हातारबुवा उभे होते. ऐंशीच्या पुढचे, अंगात लोकरी जाकीट, गळ्यात व्यवस्थित टाय. मला आणि माकला बघताच त्यांनी खिडकीतून हात हलवला.

"आलात एकदाच्या! सकाळपासून मान मोडून घेतलीय मी इथं."

"गाडीला उशीर झाला."

"आणि हा होय तो! केवढा मोठा आहे! मला तर लहान सांगितला होता."

"दोन वर्षं झाली, वाढला असेल," मी म्हटलं. मनात म्हटलं, हे रादानाचे वडील असणार.

त्यांनी दार उघडलं. मी बूट काढले, त्यांनी बायकी सपाता पुढं केल्या, मी घातल्या. स्वयंपाकघरात सगळी तयारी होती. नवी टोपली, तिच्यात घडी घातलेली चादर, पाण्याचं भांडं, आणि ओट्यावर उकडलेलं मांस निवत ठेवलेलं. माकनं सगळं हुंगलं, पाणी प्यायला, आणि मांसाकडे बघत बसला. म्हातारबुवा त्याच्याकडे बघत बसले. दोघांनाही पुढं काय करायचं ते कळत नव्हतं.

"काय काय खातो हा?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"मला कसं ठाऊक असणार? तुम्ही सांगितल्याशिवाय?"

मला राग आला. दोन वर्षांत माणूस आपल्या कुत्र्याचं खाणं विसरतो? तरी सांगितलं. भात आवडतो, गाजर नाही, चीज चोरतो.

"आणि विजा कडाडल्या की घाबरतो का?"

"घाबरतो म्हणजे काय! त्यामुळंच तर पळाला होता ना!"

"पळाला होता?" त्यांनी चष्मा काढून पुन्हा लावला. "हे मला कुणीच सांगितलं नाही."

घरातला कुत्रा पळतो, दोन वर्षं सापडत नाही, आणि घरच्या माणसाला पत्ता नाही?

"नाव काय याचं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही काय म्हणायचात?"

"मी? मी अजून काहीच म्हणालो नाही. आता तर आलाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बिचाऱ्यांना विसरायचा आजार असणार. माझ्या आत्याचं शेवटी असंच झालं होतं. मी आवाज मऊ केला. "लेक घरात नाही वाटतं?"

"लेक? ती कॅनडात असते. बावीस वर्षं झाली."

"अहो, परवाच तर बोलले मी तिच्याशी फोनवर."

"कॅनडाला?" ते टेबलाला धरून सावकाश खाली बसले. "कशी आहे ती? मला दोन महिन्यांत फोन नाही तिचा."

"बरी आहे की. जरा रडत होती."

"रडत होती? कशासाठी?"

"कुत्र्यासाठी."

"कुठल्या कुत्र्यासाठी?"

"याच!"

त्यांनी माककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा माककडे बघितलं. माकनं त्याच वेळी नको ते केलं. उठला, त्यांच्याजवळ गेला, त्यांच्या दोन्ही पावलांवर अंग टाकलं आणि डोळे मिटले. माझ्या पावलांवर तो आजवर कधी निजला नव्हता. मग हे घर त्याचंच का? मग म्हाताऱ्याला नाव का ठाऊक नाही? लेक कॅनडात, मग परवा रडली ती कोण? माझं डोकं गरगरायला लागलं. पण शरमेनं सांगते, त्या गरगरण्यात मला आनंद होत होता. नाव ठाऊक नाही, खाणं ठाऊक नाही, लेक आहे की नाही तेही धड नाही. अशा घरात कुत्रा ठेवून जायला कुणीही सांगणार नाही. मागितलेलं मिळालं होतं. मी माकला परत नेणार होते, आणि बोहुंकासुद्धा यात खोट काढू शकली नसती.

मी उठले. "माफ करा, पण याला मी इथं ठेवत नाही. परत नेतेय."

"का?" ते घाबरून म्हणाले. "माझं काय चुकलं? मांस गार आहे म्हणून? मी गरम करतो ना!"

"मांसाचं नाही हो."

"तीन महिने वाट बघतोय मी. आमच्या म्हाताऱ्यांच्या क्लबातल्या बाई म्हणाल्या होत्या, शुक्रवारी एक बाई खेड्यातून कुत्रा घेऊन येईल, तिला आता सांभाळणं होत नाही. मी टोपली आणली..."

मी काहीतरी बोलणार एवढ्यात पिशवीतला फोन वाजला. रादाना होती, आणि तिचा आवाज चिरकला होता.

"व्लास्ताबाई, कुठं आहात तुम्ही? इथं माझ्या दारात एक बाई उभी आहे, हातात आखूड पायांचा जाडजूड डॅशहुंड कुत्रा. म्हणते, हा घ्या, याला आता मी तुमच्या हवाली करते. अहो, हा आमचा आमोस नाही! मला काही कळेनासं झालंय!"

"मी चौदा नंबरलाच आहे," मी म्हटलं.

"चौदा नंबरला तर मी आहे!"

म्हातारबुवांनी ते ऐकलं. दिवा लागावा तसा त्यांचा चेहरा झाला आणि लगेच विझला. "त्या निळ्या चौदाला असतील," ते म्हणाले. "या घराचा खरा नंबर चौदा. अडीचशे वर्षांपूर्वीच्या महाराणीच्या काळापासूनचा, लाल. निळे नंतर आले, पोस्टाच्या सोयीसाठी. मी निळा कधीच कुणाला सांगत नाही. माझी बायको म्हणायची, कधीतरी याचा घोटाळा होईल."

म्हणजे त्यांनी खेड्यातल्या बाईला लाल चौदा सांगितला आणि ती निळ्या चौदाला गेली. मला रादानानं निळा चौदा सांगितला आणि मी लाल चौदाला आले. मी कपाळावर हात मारला. आनंद कुठच्या कुठं गेला.

"म्हणजे हा माझा नाही," म्हातारबुवा पायांवरच्या माककडे बघत म्हणाले.

"माझाही नाही," मी म्हटलं.

गल्लीच्या मध्यावर आमची गाठ पडली. वरून ती बाई येत होती, तिच्या काखोटीला डॅशहुंड. खालून मी आणि माक. दोघींचीही तोंडं लाल झालेली. "तुम्ही लाल का?" तिनं विचारलं. "मी निळी," मी म्हटलं. एक परदेशी जोडपं आमचा फोटो काढत होतं. मागं वळून बघितलं तर म्हातारबुवा दारात उभे राहून डॅशहुंडला बघून टाय नीट करत होते. "हा लहान आहे," ते मोठ्यानं म्हणाले, "मला लहानच सांगितला होता!"

निळ्या चौदाचं दार उघडंच होतं. जिना दगडी, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. पहिल्या मजल्यापर्यंत माक माझ्याबरोबर होता. मग त्याचं अंग थरथरायला लागलं. मी वाकून बघितलं, मला वाटलं काही लागलं की काय. दोरी माझ्या हातातून सुटली. सुटली की मी सोडली ते मला आजही सांगता येत नाही. तो वर धावला, आणि वरून एक आवाज आला. भुंकणं नाही, रडणं नाही, त्याच्या मधलंच काहीतरी, लांबलचक. दोन वर्षांत मी त्याचा तो आवाज ऐकला नव्हता. मला वाटायचं, माकचे सगळे आवाज मला ठाऊक आहेत.

मी वर पोचले तेव्हा रादाना दारातच जमिनीवर बसली होती आणि माक तिच्या अंगावर चढून तिचं तोंड चाटत होता. पन्नाशीची, केस कापलेले, डोळे सुजलेले. ती बोलत नव्हती. तो मात्र बोलतच होता, त्या नव्या आवाजात.

ती वाईट नव्हती. मी नीट बघितलं. भिंतीवर माकचा पिल्लूपणीचा फोटो होता. वादळ झालं ते रानातल्या भाड्याच्या घरी, खिडकी फुटली आणि हा उडी मारून पळाला. ती सुट्टी वाढवून पंधरा दिवस त्याला शोधत होती. तेही आमच्या रानाच्या पलीकडच्या अंगाला, चाळीस किलोमीटरांवर. त्यानंतर तिनं दुसरा कुत्रा आणला नाही. तिनं कॉफी केली, केक कापला. केक कोरडा झाला होता. तेवढीच एक खोट मला सापडली.

"तो तुमच्याकडे सुखात होता, हो ना?" तिनं विचारलं.

"कुत्रा सांगतो का?"

"अंगावरून कळतं. किती चकचकीत आहे." मग म्हणाली, "व्लास्ताबाई, मला तुमचे आभार कसे मानावेत तेच कळत नाही. आणि आभार मानावेत की माफी मागावी, तेही कळत नाही."

"मलाही नाही कळत," मी म्हटलं. हे खरं होतं. मी रागावले होते, पण कुणावर? तिच्यावर रागवावं तर तिचं काय चुकलं? माकवर रागवावं, तो इतका आनंदला म्हणून? मग मी त्याचं भलं चिंतत होते की माझं? मी तिला भाताचं सांगितलं, गाजराचं सांगितलं. तिनं कागदावर लिहून घेतलं. "गाजर नाही?" ती म्हणाली. "आधी तर फार आवडायचं." आम्ही दोघी माककडे बघू लागलो. तो दोघींच्या मध्ये बसला होता आणि एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत शेपूट आपटत होता. त्याला सगळं जमून आल्यासारखं वाटत असावं.

जास्त बसले असते तर रडले असते, म्हणून उठले. बूट घातले. रादाना म्हणाली, कधीही या, अगदी कधीही. मी मान हलवली. माक दारापाशी आला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, म्हटलं, "घर सांभाळ," आणि निघाले. तो तिथंच उंबऱ्याशी बसला. माझ्या मागं आला नाही, कण्हला नाही, काही नाही. दार लागलं.

जिना उतरताना मला त्याचा संताप आला. दोन वर्षं! पाय सुजला होता तेव्हा रोज तीन वेळा शेकला. आणि साधं एकदा कण्हायचं नाही?

ट्रामच्या थांब्यावर उभी होते. ट्राम आली, दार उघडलं, माणसं चढली. मी एक पाय उचलला आणि तसाच राहिला. घर सांभाळ. हे मी त्याला रोज म्हणते. दुकानात जाताना, चर्चला जाताना, बोहुंकाशी भांडायला जाताना. म्हटलं की तो दाराशी बसतो आणि कण्हत नाही, कारण मी येते. आजवर एकदाही असं झालं नाही की मी घर सांभाळ म्हटलं आणि आले नाही. तो माझ्यावर रुसला नव्हता की मला विसरला नव्हता. मी त्याला काम सांगून निघून आले होते आणि तो ते करत होता.

ट्राम गेली. दुसरी आली, तीही गेली. मग मी वळले आणि गल्ली चढायला लागले. माझे गुडघे असे आहेत की त्यांनी मला शिव्या दिल्या असतील.

रादानानं दार उघडलं तर माक अगदी समोर. उंबऱ्याला नाक लावून बसलेला. मला बघून उठला, अंग ताणलं आणि सरळ माझ्या डाव्या पायाशी येऊन उभा राहिला. चल, झालं, निघू या.

"तुम्ही गेल्यापासून इथून हलला नाही," रादाना हळू आवाजात म्हणाली. "हाक मारली की येतो, माझा हात चाटतो आणि परत जाऊन बसतो. मला वाटलं दमलाय." तिनं दार आणखी उघडलं. "तुम्ही... न्यायला आलात का? नेणार असाल तर... मी काही म्हणणार नाही."

ती खरंच काही म्हणाली नसती. मी हो म्हणायचाच अवकाश होता. सकाळपासून मी तेच मागत होते, आणि आता ते दारात उभं होतं, दोन्ही हातांनी दिलेलं. पण जिन्यावरचा तो आवाज माझ्या कानांतून जात नव्हता. माझ्या घरी तो पुन्हा तसा ओरडणार नव्हता, आणि त्याचं ते न ओरडणं मला रोज ऐकू आलं असतं.

"फिरायला न्या त्याला," मी म्हटलं.

"कोण? मी?"

"आत्ता, लगेच. दोरी लावा आणि तुम्ही त्याला दाराबाहेर काढा. मी आत थांबते."

"मला समजलं नाही, व्लास्ताबाई."

"मलाही नीट समजलेलं नाही. पण मी बाहेर गेले की तो दाराशी बसून वाट बघतो. तो स्वतःच बाहेर गेला, मला घरात सोडून, तर बसणार कशाला? नदीवर न्या, चांगलं तासभर फिरवा. तुम्ही याल तोवर मी गेलेली असेन. मग हुंगू दे सगळं घर, शोधू दे. आणि लगेच जेवायला घाला. भात."

मग तिनं अंगात कोट चढवला. मी बूट काढले आणि आत जाऊन दिवाणखान्याच्या दारात उभी राहिले, घरच्या माणसासारखी. तिनं दोरी लावली. माकनं माझ्या मोज्यांकडे बघितलं. बूट नाहीत म्हणजे ही कुठं जात नाही, एवढं त्याला कळतं. शेपूट हलवत तो तिच्याबरोबर निघाला.

जिन्याच्या वळणावर तो थांबला. दोरी ताणली गेली आणि तो वळून वर बघायला लागला. कान उभे. रादानानंही वर बघितलं. तिनं दोरी ओढली नाही. मी नुसतं माक म्हटलं असतं तरी तो चार उड्यांत वर आला असता.

"जा," मी म्हटलं, "मी आहे इथंच."

माणसांशी मी पुष्कळ वेळा खोटं बोलले असेन. त्याच्याशी कधीच नाही. म्हणूनच त्याला ते खरं वाटलं. तो वळला आणि उतरायला लागला, दगडी पायऱ्यांवर नखांचा टकटक आवाज करत, घाई न करता.

खालचं मोठं दार लागल्याचं ऐकू आलं. मग मी बूट घातले.